बदली कार्ड आणि विनू मंकड

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लालबागच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. होते म्हणजे बदलीवर होते. आजच्या मुलांना बदली कामगार म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. सकाळचा भोंगा व्हायच्या आत बदलीवाल्यानं आपलं कार्ड घेऊन गिरणीच्या गेटवर हजर राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आजारी पडला, कुणी गावी गेला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. सगळे कायमवाले हजर असले की बदलीवाल्यानं घरी परत यायचं. त्या दिवसाचा पगार नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर जायचंच, नाही तर नाव कमी होण्याची भीती. अण्णांनी अशी बरीच वर्षं काढली.

विनू मंकडबद्दल बोलायचं म्हटलं की मला पहिल्यांदा ते कार्ड आठवतं. याचं कारण १९५२ च्या जून महिन्यात आमच्या चाळीच्या गॅलरीत झालेला एक वाद. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आपला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, आणि विनू त्या संघात नव्हता. तो इंग्लंडमध्येच होता, पण लँकाशायरमधल्या एका क्लबाकडून पैसे घेऊन खेळत होता. चाळीतल्या जाणत्या माणसांचं मत एकच होतं. देशापेक्षा त्याला पैसा मोठा वाटला. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘त्यानं मागितलं काय? कामाची हमीच ना? आपण मुकादमाकडे दुसरं काय मागतो?’’

ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. पुढं क्रिकेटचा इतिहास वाचायचा नाद लागला आणि त्या वाक्याभोवती मी बराच फिरलो. आज तेच तुमच्यापुढं मांडतो.

विनूचं कागदावरचं नाव मुळवंतराय हिंमतलाल मंकड. जन्म जामनगरचा, १२ एप्रिल १९१७ चा. जामनगर म्हणजे नवानगर संस्थान, रणजितसिंहांचं आणि दुलीपसिंहांचं गाव. तिथं क्रिकेटला राजाश्रय होता. पण विनूला घडवणाऱ्यांत एक नाव आहे ते राजाचं नाही. बर्ट वेन्स्ली हा इंग्लंडच्या ससेक्स कौंटीचा पगारी खेळाडू. तो नवानगरला आला, त्यानं संघ बांधला आणि या पोराच्या डाव्या हाताच्या फिरकीला वळण लावलं. १९३६-३७ च्या हंगामात नवानगरनं रणजी करंडक जिंकला. अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध विनूनं १८५ धावा केल्या, तेव्हा त्याला वीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

पुढच्याच हंगामात लॉर्ड टेनिसनचा संघ भारतात आला. ते सामने अधिकृत कसोटीचे नव्हते, पण समोरचे खेळाडू खरे होते. विनूनं फलंदाजीत साठाच्या वर आणि गोलंदाजीत पंधराच्या आत सरासरी ठेवली. आता या मुलाला कसोटी खेळायला मिळणार असं सगळे म्हणत असतानाच महायुद्ध सुरू झालं. पहिली कसोटी त्याला मिळाली ती १९४६ साली, एकोणतिसाव्या वर्षी. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. दौऱ्यावर आलेल्या खेळाडूनं एका हंगामात हजार धावा आणि शंभर बळी, ही साधी गोष्ट नव्हती. ‘विस्डेन’नं त्याला वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत बसवलं.

विनू कुठल्या कुठल्या संघांकडून खेळला त्याची यादी पाहा. वेस्टर्न इंडिया, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान. आपल्याकडं काही जण याला चंचलपणा म्हणायचे. मला ती एका कारागिराची वाटचाल वाटते. आपल्या हातात जे कसब आहे त्याला जिथं काम आणि दाम मिळेल तिथं माणूस जातो. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेली आमची माणसं याहून काय वेगळं करत होती?

त्या काळी क्रिकेटच्या जगात पैसे घेऊन खेळणाऱ्याची जात वेगळी मानली जाई. इंग्लंडमध्ये तर ती उघड होती. हौशी खेळाडू ते ‘जंटलमेन’ आणि पगारी ते नुसते ‘प्लेअर्स’. बऱ्याच मैदानांवर दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या आणि मैदानात उतरायची फाटकंही वेगळी. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची आडनावाच्या नंतर. हा भेद नियमानं मोडला तो १९६२ च्या अखेरीस. आपल्याकडं असा छापील भेद नव्हता, पण मनातला होता. राजेरजवाडे खेळले तर ती हौस आणि सामान्य घरातला खेळाडू पैशाबद्दल बोलला तर तो हावरा. कसोटी खेळण्याबद्दल मिळायचा तो तुटपुंजा भत्ता. त्यावर घर चालणं शक्य नव्हतं.

अशा खेळाडूला लँकाशायरची लीग हा एक आधार होता. तिथल्या गिरण्यांच्या गावांनी १८९२ साली ही लीग सुरू केली. प्रत्येक क्लबात बाकी सगळे गावचे नोकरदार नि कामगार, आणि एक, फक्त एक, पगारी खेळाडू. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की गाव मैदानावर यायचं. पगारी खेळाडूनं धावाही करायच्या, बळीही घ्यायचे आणि आठवडाभर पोरांना शिकवायचंही. त्यानं पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत डबा फिरायचा आणि जमलेली चिल्लर त्याची. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाईन नेल्सन गावाकडून १९२९ पासून नऊ हंगाम खेळला. आपला लाला अमरनाथ १९३८ साली त्याच नेल्सनला होता. पुढं सुभाष गुप्ते रिश्टनला खेळला, आणि १९८१ मध्ये कपिलदेवसुद्धा नेल्सनला जाऊन आला.

१९५२ च्या हंगामासाठी हॅस्लिंग्डन क्लबानं विनूला करार देऊ केला. हॅस्लिंग्डन हे मँचेस्टरच्या उत्तरेला डोंगराच्या कुशीतलं गिरणगाव. आपलं लालबाग-परळ आणि ते गाव एकाच धंद्यावर जगत होतं. विनूपुढं प्रश्न असा होता की त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. दौऱ्यासाठी निवड होणार असेल तर तो करार नाकारायला तयार होता. म्हणून त्यानं निवड करणाऱ्यांना विचारलं, मला संघात नक्की घेणार का, तेवढं आत्ता सांगा.

तेवढं त्याला सांगण्यात आलं नाही.

निवड समितीची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. एका खेळाडूला आधी शब्द दिला तर उद्या दहा जण मागतील. नियमाच्या दृष्टीनं त्यात चूक काढता येत नाही. पण ज्या माणसाला हे उत्तर मिळालं तो कोण होता? त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारतानं इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवलं होतं. आपली ती पंचविसावी कसोटी, आणि कसोटीतला आपला पहिला विजय. कर्णधार सांगलीचा विजय हजारे. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची शतकं होती. आणि विनूनं पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ असे बारा बळी घेतले होते. वीस वर्षं वाट पाहून देशाला पहिला विजय मिळाला, तो ज्याच्या हातून मिळाला त्याला पुढच्या दौऱ्याची खात्री नाही. विनूनं हॅस्लिंग्डनच्या करारावर सही केली.

जूनच्या सुरुवातीला लीड्सला पहिली कसोटी झाली. त्या कसोटीतला धावफलक जुन्या लोकांना अजून पाठ असेल. दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, आपला दादरचा माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. फलकावर एकही धाव लागायच्या आत चौघं परत. तीन बळी फ्रेड ट्रूमनचे. त्याची ती पहिलीच कसोटी. मांजरेकरनं पहिल्या डावात १३३ धावा केल्या होत्या, पण त्याचं कौतुक करायला कुणाला उसंत राहिली नाही. इंग्लंड सात गड्यांनी जिंकलं.

मग मात्र विनूची आठवण झाली. हॅस्लिंग्डनला विनंती गेली आणि क्लबानं आपल्या पगारी खेळाडूला उरलेल्या कसोटींसाठी सोडलं. गेटवर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला आतून हाक यावी तशी ती हाक होती. अण्णा हे त्या वेळी म्हणाले की मी नंतर जुळवलं, ते आता मला नक्की सांगता येणार नाही.

लॉर्ड्सची कसोटी १९ जूनला सुरू झाली. विनूचा दौऱ्यातला हा पहिलाच सामना. शनिवारी दुपारचे लीगचे सामने खेळून आलेला पस्तीस वर्षांचा माणूस सलामीला गेला आणि त्यानं ७२ धावा काढल्या. पंकज रॉयबरोबर १०६ धावांची सलामी दिली. तो बाद झाल्यावर हजारेनं नाबाद ६९ करून डाव २३५ पर्यंत ओढला. इंग्लंडनं ५३७ धावा केल्या. हटनच्या १५०, इव्हान्सच्या १०४. या डावात विनूनं ७३ षटकं टाकली, १९६ धावा दिल्या, ५ बळी घेतले. त्र्याहत्तर षटकं म्हणजे चारशे अडतीस चेंडू.

एवढं झाल्यावर कुणीही म्हणालं असतं, आज मला जरा खाली खेळायला पाठवा. तो पुन्हा सलामीलाच आला. ३०२ धावांची पिछाडी होती. दोन गडी लवकर गेले आणि हजारे येऊन मिळाला. दोघांनी २११ धावांची भागी केली. विनू १८४ धावांवर बाद झाला. लॉर्ड्सवर भारतीयानं केलेली ही अजूनही सर्वांत मोठी खेळी आहे. तो गेला आणि डाव ३७८ वर संपला. इंग्लंडला जिंकायला ७७ धावा हव्या होत्या. तेव्हासुद्धा विनूनं २४ षटकं टाकली आणि फक्त ३५ धावा दिल्या. इंग्लंड आठ गड्यांनी जिंकलं.

दोन्ही डाव मिळून भारताच्या ६१३ धावा झाल्या, त्यांतल्या २५६ एकट्या विनूच्या. सामन्यात त्यानं टाकलेली षटकं सत्त्याण्णव. एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी घेणारा तो पहिला भारतीय. लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये शतकवीरांचा एक फलक असतो आणि पाच बळी घेणाऱ्यांचा दुसरा. विनूचं नाव दोन्हींवर आहे. हरलेल्या सामन्याला हरलेल्या संघातल्या खेळाडूच्या नावानं ओळखतात असं क्रिकेटमध्ये फार क्वचित होतं. ती कसोटी ‘मंकडची कसोटी’ म्हणूनच ओळखली जाते.

एक गोष्ट मला फार नंतर ध्यानात आली. त्या मालिकेत इंग्लंडचा कर्णधार होता लेन हटन. विसाव्या शतकात इंग्लंडचं कसोटी कर्णधारपद मिळालेला हा पहिला पगारी खेळाडू, आणि त्याचीही ही पहिलीच मालिका. म्हणजे पगारी खेळाडू देशाचं नेतृत्व करू शकतो हे इंग्लंडनं ज्या उन्हाळ्यात मान्य केलं, त्याच उन्हाळ्यात आपण आपल्या पगारी खेळाडूला आधी दाराबाहेर ठेवलं आणि मग अडचण आल्यावर बोलावलं.

विनूचा देव करायचा माझा विचार नाही. पुढच्या मँचेस्टरच्या कसोटीत भारताचे दोन्ही डाव एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत संपले, आणि त्या दिवशी विनूही इतरांसारखाच बाद झाला. पण मायदेशी परतल्यावर त्यानं दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध तेरा बळी घेतले, आणि त्याच मालिकेत कसोटीतल्या हजार धावा नि शंभर बळी पूर्ण केले. अवघ्या २३ कसोटींत. हा विक्रम इयन बोथमनं मोडला तो १९७९ साली, २१ कसोटींत.

मी स्वतः विनूला खेळताना पाहिलं ते १९५५ च्या डिसेंबरात, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, न्यूझीलंडविरुद्ध. अण्णांना तोवर कायमचं कार्ड मिळालं होतं. त्यांनी एक दिवस रजा टाकली आणि मला घेऊन गेले. आम्ही ईस्ट स्टँडमध्ये उन्हात बसलो. विनू तेव्हा अडतीस वर्षांचा, अंगानं भरलेला. त्याच्या खेळात डोळे दिपावेत असं काही नव्हतं. चेंडू येई, बॅट पुढं येई, धाव निघे. अण्णा म्हणाले, ‘‘बघ, हात कसा बसलाय.’’ साच्यावर चांगला हात बसलेल्या कामगाराबद्दल ते हेच म्हणायचे. त्या डावात विनूनं २२३ धावा केल्या. महिनाभरानं मद्रासला २३१. तिथं पंकज रॉयबरोबरची ४१३ धावांची सलामी २००८ पर्यंत कसोटीतला विक्रम म्हणून टिकली. २३१ हा भारतीयाचा उच्चांक सुनील गावस्करनं १९८३ मध्ये ओलांडला.

एवढं सगळं करून जगभर त्याचं नाव झालं ते भलत्याच गोष्टीसाठी. १९४७ च्या डिसेंबरात सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाचा बिल ब्राउन चेंडू पडायच्या आत धाव घ्यायला पुढं सरकला आणि विनूनं यष्टी उडवून त्याला धावबाद केलं. त्याआधी दौऱ्यातल्याच एका सामन्यात त्यानं ब्राउनला ताकीद दिली होती, आणि नंतर असंच बादही केलं होतं. तरी हे खिलाडूपणाला धरून नाही असा गिल्ला झाला. गंमत म्हणजे खुद्द डॉन ब्रॅडमननं, जो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता, आपल्या आत्मचरित्रात विनूची बाजू घेतली. पण अशा बाद करण्याला ‘मंकडिंग’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. गावस्करनं या शब्दाला जाहीर हरकत घेतली. अखेर २०२२ मध्ये एमसीसीनं हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’च्या कलमात घातला.

मला या दोन गोष्टींचं नातं दिसतं. हॅस्लिंग्डनच्या वेळी विनूनं काय केलं? तोंडी सदिच्छेवर विसंबायचं नाकारलं आणि लिहिलेल्या कराराचा आधार घेतला. सिडनीला काय केलं? संकेताची वाट पाहिली नाही, लिहिलेल्या नियमाचा आधार घेतला. ज्याच्यामागं संस्थान असतं त्याला न लिहिलेले संकेत परवडतात, कारण ते त्याच्याच सोयीचे असतात. हातावर पोट असलेल्याला लिहिलेलं कलम हाच आधार. गिरणीतल्या माणसांना हे कुणी समजावून द्यावं लागत नसे.

पुढं दिवस पालटले. मुंबईत स्टेट बँक, टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. विनूचा मुलगा अशोक बावीस कसोटी खेळला. तो मफतलालमध्ये होता, म्हणजे एका गिरणीवाल्याच्याच पदरी. १९८३ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या संघाला बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडं पुरेसे पैसे नव्हते. तेव्हा लता मंगेशकर दिल्लीत कार्यक्रमाला उभ्या राहिल्या आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. पंचवीस वर्षांनी, २००८ मध्ये, आयपीएलच्या पहिल्या लिलावात महेंद्रसिंग धोनीवर पंधरा लाख डॉलरची बोली लागली. आता खेळाडू मंडळाशी वर्षाचा करार करतात आणि कुणी त्यांना देशद्रोही म्हणत नाही. विनूनं जे मागितलं होतं ते आता छापील नमुन्यात मिळतं.

यातलं त्याला काही पाहायला मिळालं नाही. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत तो गेला, एकसष्टाव्या वर्षी. ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी. कसोटीत पहिल्या क्रमांकापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक जागी तो खेळला. जिथं उभं करतील तिथं उभं राहायचं आणि काम चोख करायचं.

अण्णांची गिरणी १९८२ च्या संपात बंद पडली ती पुन्हा धड सुरू झालीच नाही. हॅस्लिंग्डनच्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. क्लब मात्र आहे, आणि लीगही. वानखेडे स्टेडियमजवळच्या रस्त्याला विनूचं नाव दिलेलं आहे. तिथून जाताना मला लॉर्ड्सच्या १८४ धावा आठवत नाहीत. गॅलरीत भिंतीला टेकून बसलेले अण्णा आठवतात, आणि त्यांचा तो प्रश्न. त्यानं मागितलं काय?

एवढं सांगून थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)